कोपऱ्यातला घाव

काच फुटली की लोक आधी आवाज सांगतात. केवढा झाला, कोण दचकलं, कुणाच्या हातातला कप पडला. काचवाला ते सगळं कानाआड करून फुटीकडे बघतो, कारण लोक तिखटमीठ लावतात, फूट लावत नाही. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. सोमवारी सकाळी दवाखान्याच्या पुढच्या दाराशी तो मोजपट्टी घेऊन उकिडवा बसला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, आणि मोजायचं तसंच राहिलं. दाराला आतून दुधी कागद चिकटवलेला होता, म्हणून काचेचा खालचा अर्धा भाग अजून चौकटीतच धरून होता. त्यातल्या सगळ्या रेघा एकाच जागेतून निघाल्या होत्या. बिजागरीकडचा खालचा कोपरा, कडेपासून दोन बोटं आत. तिथले दोन तुकडे बाकीच्यांपेक्षा मोठे होते, शेजारी शेजारी, पंख पसरून बसलेल्या पाखरासारखे. दगड तिथे लागत नाही. दगड मारणारा दाराच्या मधोमध मारतो, फारच चिडलेला असला तर वर मारतो. बिजागरीच्या पायाशी वाकायचं, टोकदार काहीतरी टेकवायचं आणि हलक्या हाताने एकच घाव घालायचा, हे कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं. आणि या शहरात ते शिकवू शकेल असा एकच माणूस होता, तो आत्ता त्या दाराशी उकिडवा बसला होता.

शिकवलं म्हणजे काही वर्ग घेतला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वीचा शनिवार. दर शनिवारी सकाळी नऊदहा जण गर्भपात करणाऱ्या या दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर पाट्या धरून तासभर मुकाट उभे राहत. गर्भातल्या जिवालाही जीव म्हणा, एवढंच पाटीवर. घोषणा नाहीत, कुणा बाईची वाट अडवायची नाही, हा नेम. सहा वर्षं तोही त्यात होता आणि त्या नेमाचा त्याला अभिमान होता. पाट्या त्याच्या साडूच्या छापखान्यात छापल्या जात आणि तास संपला की चहाही तिथेच होई. त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, मागे एकदा कुण्या टवाळाने त्या दाराला दगड मारला तर दगडच परत आला. सगळे हसले. आणि काचेचा विषय निघाल्यावर गप्प बसेल तो काचवाला कसला. "मधोमध मारून काय होणार? हत्ती आणा," तो म्हणाला. "ती भट्टीत तापवून कडक केलेली काच. टफन म्हणतो आम्ही. तिचा जीव कडेला असतो. कोपऱ्यात साधा टोच्या लावा, अख्खं दार बसतं खाली. आणि बसलं तरी साखरेसारखं, कुणाला खरचटायचंही नाही." साडूने बशी खाली ठेवून विचारलं होतं, "कडेपासून किती?" त्याने दोन बोटं दाखवली होती. बायको म्हणते तेच खरं, यांना कुणी काच विचारली की हे घरदार विसरतात.

काउंटरवरच्या बाई तेवढ्यात आतून आल्या. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, केस विंचरलेले, रजिस्टर काखेत. शनिवारी संध्याकाळी त्या एकट्याच होत्या, दिवे मालवत होत्या. टक् असा बारीक आवाज आला म्हणून त्यांनी जाऊन दार ओढलं, आणि वरची निम्मी काच त्यांच्या अंगावर उतरली. साखर म्हणाला होता ना तो, त्या साखरेचे दोन कण बुबुळात गेले होते. "शुक्रवारी पट्टी काढतील," त्या म्हणाल्या, "तेव्हा कळेल किती दिसतं ते." तक्रारीचा सूर नव्हता. त्या त्याला ओळखत होत्या. शनिवारी समोरच्या फुटपाथवर पाटी धरून उभा असणारा माणूस तोच सोमवारी मोजपट्टी घेऊन येतो, हे या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या वेळीच त्याने डॉक्टरबाईंना स्पष्ट सांगितलं होतं की बाई, मी तुमच्या कामाच्या विरोधात आहे. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, दार तर विरोधात नाही ना, मग बसवा. त्याला तेव्हा त्या आवडल्या होत्या, आणि आवडल्याचा थोडा रागही आला होता.

हवालदार दारातच उभा होता. "तुम्ही जाणकार. दगड म्हणायचा का?" त्याने विचारलं. दगड कुठे सापडला नव्हता. काचवाल्याने मोजपट्टी मिटली. "दगडच असेल," तो म्हणाला, "गेला असेल घरंगळत." हवालदाराने लिहून घेतलं. एवढं सोपं होतं ते. खोटं बोलायला विचार करावा लागतो असं तो समजत होता, पण विचार करावा लागतो तो खरं बोलायला, खोटं आपलं जिभेवर तयारच असतं.

टफन काच कापता येत नाही. आधी माप द्यायचं, मग कारखान्यात कापून, कडा घासून, भट्टीतून काढून ती यायला चार दिवस लागतात. त्याने दाराला प्लायवूडची फळी ठोकली, शुक्रवार सांगितला आणि दुकानात येऊन बसला. समोर आरशांची ओळ उभी होती, त्यामुळे चार चार ठिकाणी तोच बसलेला दिसत होता. त्याने एकेक आरसा भिंतीकडे फिरवला. तो फिरवत असतानाच साडू आला. बोटांना नेहमीसारखी शाई, आवाज नेहमीसारखा मऊ. हा माणूस आयुष्यात मोठ्याने बोलला नव्हता. मुंगी दिसली तर पाऊल लांब टाकणारा.

"दगड म्हणालास, बरं केलंस," साडू म्हणाला.

"साडूभाऊ, त्या बाईंच्या डोळ्यात काच गेलीय."

साडू स्टुलावर बसला. त्याच्या चेहऱ्याचा रंग खरोखर उतरला, ते नाटक नव्हतं. "आत कुणी नसेल असं वाटलं मला. दिवे मालवलेले होते," तो म्हणाला. तो बोटांवरची शाई नखाने खरवडू लागला. मग त्याने मान वर केली. "वाईट झालं. मी पाय धरीन त्यांचे. पण मला एक सांग, तू मानतोस ना, आत जातो तो जीव असतो? पाटीपुरता नाही, खरंच मानतोस?"

"मानतो."

"शेजारच्या घरात कुणी पोराचा गळा आवळतंय, तुला खिडकीतून दिसतंय. तू काय पाटी धरून समोर उभा राहशील? तासभर? आणि मग चहा पिशील?" तो जराही चढ्या आवाजात बोलत नव्हता. "एक तर आपण खोटं मानतो, नाहीतर आपण भित्रे आहोत. तिसरं काही असेल तर तू सांग. आणि तू कशाला अंग चोरतोस? तू तर केलंयस. तेव्हा बायकोच्या दाराला कुलूप घातलंस म्हणून आज तुझी लेक भिंगरी पाण्यात उड्या मारतेय. सांग चुकलास का." जाताना दाराशी थांबून तो म्हणाला, "शुक्रवारी जाशील तेव्हा मागच्या दाराची काच कसली आहे तेवढं बघून ये. कुणी आत नसताना, आता खात्री करूनच. ज्याने जीव घेतात ते मशीन तिथेच असतं."

काचवाल्याने राहिलेला शेवटचा आरसा भिंतीकडे फिरवला. साडू गेला आणि तो प्रश्न मात्र स्टुलावर बसून राहिला. मंगळवारी कपाटांच्या काचा कापताना, हिऱ्याची रेघ ओढताना, तो प्रश्न कानाशी कुरकुरत होता. शेजारच्या घरात पोराचा गळा. तो काय करील? कोपराने काच फोडील, हात रक्ताने भरला तरी फोडील, यात शंकाच नव्हती. मग? हातातली रेघ वाकडी गेली. बावीस वर्षांत रेघ वाकडी जायची वेळ फार वेळा आली नव्हती. त्याने तुकडा बाजूला ठेवला, दुसरी काच घेतली, आणि मनातल्या मनात ते घर पुन्हा फोडलं. काच फोडली, आत गेलो, पोर त्या माणसाच्या हातातून हिसकावलं, छातीशी धरलं, बाहेर आलो. ठीक. आता दवाखाना. काच फोडली, आत गेलो. आत काय आहे? खुर्ची आहे. खुर्चीवर बाई बसलीय. हिसकावणार काय? पोर तिच्या हातात नाही, तिच्यात आहे. म्हणजे धरायचं तिलाच. धरून न्यायचं कुठे, आणि किती दिवस? सात महिने? तिला जेवायला घालायचं, तिच्या दाराशी बसायचं, ती कड बदलते का ते ऐकायचं. साडूच्या बोलण्यात काच होती, मशीन होतं, दार होतं. बाई नव्हती. साडूने बाई कधी धरली नव्हती. ते काम ज्याने केलं होतं तो इथे बसून काच कापत होता.

बारा वर्षं झाली. लग्नाला दीड वर्ष झालेलं. बायकोला दुसऱ्या शहरात दोन वर्षांचं प्रशिक्षण मिळालं होतं, प्रयोगशाळेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासायचं. पत्र आलं त्या दिवशी तिने शेजारच्या तीन घरांत जाऊन ते वाचून दाखवलं होतं. आणि त्याच महिन्यात दिवस राहिले. ती म्हणाली, आत्ता नको. तो तेव्हा पाटीवाला वगैरे कुणी नव्हता. त्याने काही वाचलं नव्हतं, कुणी त्याला पढवलं नव्हतं. फक्त त्याला वाटलं, नव्हे कळलंच, की घरात तिसरं माणूस आलंय, आणि आलेल्या माणसाला चालता हो म्हणता येत नाही. तो तिच्या विनवण्या करत होता, ती शांतपणे ऐकत होती. गुरुवारची वेळ घेतलीय, ती म्हणाली. बुधवारी सकाळी ती आतल्या खोलीत कपडे आवरत असताना त्याने बाहेरून कडी घातली आणि कडीला दुकानाचं कुलूप लावलं. तिने दार बडवलं नाही. "हे काय?" एवढंच एकदा म्हणाली. गुरुवार टळेपर्यंतच, तो दारातून म्हणाला, तुझ्या पाया पडतो. बाथरूमला जायचं झालं की तो कुलूप काढी आणि तिच्या मागून चाले. मेहुणी डबा घेऊन आली, साडू बरोबर होता. मेहुणीने डबा ठेवला, मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला आतून केरसुणीचा आवाज आला. ती खोली झाडत होती. बुधवारपासून कुणी वावरलं नव्हतं त्या खोलीत तिच्याखेरीज, कचरा तो काय असणार. पण ती कोपरान्‌कोपरा झाडत होती, परत परत, आणि दाराच्या फटीतून थोडी धूळ बाहेर येत होती. आजवर तो पुष्कळ गोष्टी विसरला, तो आवाज नाही विसरता आला. शुक्रवारी सकाळी त्याने कुलूप काढलं. ती बाहेर आली, अंघोळ केली, कुठेतरी गेली, संध्याकाळी परत आली. बहिणीकडे गेली असेल असं तो समजला. प्रशिक्षणाचं पत्र पुढे कधी दिसलं नाही. मूल राहिलं. आणि तोवर त्याला अरेतुरे करणारी बायको त्या दिवसापासून त्याला अहोजाहो करायला लागली. लोक म्हणाले, आई होणार म्हटल्यावर पोरीला पोक्तपण आलं. त्याला मात्र माहीत होतं की घरातल्या घरात आपल्याला कुठे नेऊन बसवलंय.

पण भिंगरी झाली, आणि भिंगरी झाल्यावर कुठलं माप कुठे लावायचं? अकरा वर्षांची, केस सदा ओले, तोंड सदा चालू. बुधवारी संध्याकाळी ती त्याच्या मांडीवर पाय टाकून त्याच्या हातांवरचे काचेचे जुने वण शोधत बसली होती. "बाबा, हा कुठला?" "खिडकीचा." "हा?" "आरशाचा." "तुम्ही कामात फारच वाईट आहात," ती गंभीरपणे म्हणाली. तो हसला. साडू म्हणाला ते हेच होतं. ही इथे बसलीय. कुलूप चूक म्हणायचं तर हिच्याकडे बघून म्हणायचं. तिचे पाय जड होते, उबदार होते, पोहण्याच्या तलावातल्या औषधाचा वास त्यांना येत होता. जबरदस्ती वाईट, हे कुणीही सांगेल, पोपटही सांगेल. पण जिच्यामुळे आपलं घर घर झालं तीच त्या जबरदस्तीतून आली असेल तर बापाने काय करायचं? तिला मांडीवर घेऊन त्या दोन दिवसांचा पश्चात्ताप करायचा? आणि त्या दोन दिवसांचा पश्चात्ताप होत नसेल तर शनिवारच्या घावाचा तरी कोणत्या तोंडाने करायचा? त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय असं त्याने सांगितलं.

गुरुवारी दुपारी तो दुकान बंद करून तलावावर गेला. बायको तिथल्या तिकीट खिडकीत बसते. खिडकीची काच त्यानेच बसवली आहे, बोलायला मध्ये गोल भोक, खाली तिकिटापुरती फट. प्रयोगशाळेत बसणार होती ती बाई दहा वर्षं तिथे बसून तिकिटं फाडते आणि उरलेल्या वेळात शब्दकोडी सोडवते. शाळा सुटायला अवकाश होता, गर्दी नव्हती. आतून पाण्यात उड्या मारल्याचे आवाज येत होते. तो भोकाशी वाकला.

"शनिवारची काच साडूभाऊंनी फोडली," तो म्हणाला. "कशी फोडायची ते मी सांगितलं होतं."

तिने पेन्सिल कोड्यावर ठेवली. "मला वाटलंच," ती म्हणाली. "तुम्ही चार दिवस आरसे भिंतीकडे करून बसलाय."

"त्याचं चुकलं असं म्हणायला गेलो तर माझं चुकलं असं म्हणावं लागतं." बारा वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडी पहिल्यांदा आलं होतं आणि ते एका भोकातून, वाकून, कंबर दुखत असताना बोलावं लागत होतं. "आणि माझं चुकलं म्हणावं तर भिंगरी आहे. मी चुकलो का तेव्हा?"

रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "त्या शुक्रवारी मी कुठे गेले होते, माहितीये?" ती म्हणाली.

"ताईकडे."

"दवाखान्यात गेले होते. वेळ हुकली होती, तरी डॉक्टरबाई म्हणाल्या बसा, दुपारी करू. चार तास बसले मी तिथे खुर्चीवर." आवाज अगदी साधा होता, कोड्यातला शब्द विचारावा तसा. "तुमच्या खोलीत दोन दिवस मला एकच सुचत होतं, सुटायचं. पोटात काय आहे, कोण आहे, त्याचा विचारच करता आला नाही मला. सुटले ती तडक तिकडे गेले. कुलपाचा राग तिच्यावर काढायला निघाले होते मी. तिथे कुणी मला अडवलं नाही, कुणी ढकललं नाही. तेव्हा कुठे तिचा विचार करता आला. मग उठले, घरी आले." तिने काचेतून सरळ त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही कुलूप लावलंत म्हणून ती झाली नाही. लावलंत तरी झाली."

त्याने खिडकीच्या कट्ट्याला धरलं. "आणि उठली नसतीस तर?"

"तर नसते उठले." मागे एक आजोबा दोन नातींना घेऊन उभे राहिले होते. तो बाजूला झाला. तिने एक मोठं आणि दोन लहान तिकिटं फाडली, सुटे परत केले, नातींच्या टोप्या आहेत का ते विचारलं. ते आत गेल्यावर तो पुन्हा वाकला.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत का कधी?"

त्याला हलकं वाटायला हवं होतं. गाठ सुटली होती, पोरीचं देणं कुलपाला नव्हतं. पण जे वाटलं ते हलकं नव्हतं. जगात आपल्या हातून एक तरी मोठी गोष्ट झालीय, कुणाचा तरी जीव आपण राखलाय, हे तो बारा वर्षं खिशात घेऊन हिंडत होता, आणि खिसा रिकामा निघाला. उलट त्याने तिला जवळजवळ घालवलीच होती. आणि त्याहून भयंकर, त्या शुक्रवारी चार तास भिंगरी कशावर तरली होती? एका खुर्चीवर बसलेल्या बाईच्या विचारावर. तो तेव्हा दुकानात काच कापत असेल, कदाचित शीळही घालत असेल. त्याच्या हातात काहीच नव्हतं. ती उठली नसती तर एक जीव गेला असता, हे त्याचं मत गुरुवारी दुपारीही बदललं नव्हतं, आणि बदलेल असं त्याला वाटतही नव्हतं. फक्त तो जीव जिथे होता तिथे बाहेरून पोचायचा रस्ता नव्हता. होता तो तिच्यातूनच होता, आणि तो त्याने स्वतः बंद केला होता.

"ताईचं काय होईल?" त्याने विचारलं. साडूचं नाव सांगितलं तर मेहुणीच्या घरावर काय कोसळेल ते दोघांनाही दिसत होतं. छापखाना, पोलीस, शेजारी.

"ताईशी मी बोलेन," बायको म्हणाली. "तुम्ही तुमचं बोला." आणि तिने पेन्सिल उचलली, पण तो जाईपर्यंत काही लिहिलं नाही.

शुक्रवारी काच आली. दोघांनी उचलावी अशी काच त्याने पट्टा लावून एकट्यानेच दारात उभी केली. बिजागरीत रबराचे तुकडे घातले, स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने आवळले, दार दहा वेळा उघडून मिटून बघितलं. मागच्या दाराकडे त्याने बघितलं नाही. आतल्या ओळीत तीन बाया बसल्या होत्या. एक मासिक चाळत होती, एकीने डोळे मिटले होते, तिसरी अगदी लहान दिसणारी सरळ समोर बघत होती. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने त्यांना समोरच्या फुटपाथवरून आत शिरताना पाहिलं होतं, पाठमोऱ्या. बसलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. तिसरीकडे बघून त्याला रडू येईल असं वाटलं, ते कुणासाठी हे त्याला सांगता आलं नसतं. त्याने फडक्याने काचेवरचे बोटांचे ठसे पुसले.

काउंटरवरच्या बाईंची पट्टी निघाली होती. "दिसतं का?" त्याने विचारलं.

"उजेड कळतो," त्या म्हणाल्या. "माणूस कळत नाही. डॉक्टर म्हणतात, एवढंच राहील."

"डॉक्टरबाईंना बोलवता का?" तो म्हणाला. "आणि त्या हवालदारालाही."

डॉक्टरबाई हात पुसत बाहेर आल्या, अर्ध्या तासाने हवालदार आला. तोवर तो उभाच होता, खुर्ची दिली तरी बसला नाही. मग त्याने सांगितलं. तो दगड नव्हता, कोपऱ्यात टोच्याने मारलंय, मी सोमवारीच ओळखलं होतं आणि खोटं बोललो. बाई ऐकत होत्या, चांगला डोळा त्याच्यावर लावून. डॉक्टरबाईंनी विचारलं, "उद्या शनिवार. समोर उभे राहणार का?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "तुमचं काम मला अजून पटत नाही."

"पटायला हवंच असं कुठे आहे," त्या म्हणाल्या.

हवालदाराने पेनाचं टोपण काढलं, जुनी ओळ खोडली. "बोला," तो म्हणाला, "काच फोडण्यात कोण कोण होतं? नावं सांगा."

त्याने पहिलं नाव स्वतःचं सांगितलं.